दहा दिवस फुकेत, सोबत दोन लहान मुलं: तयारीपासून परतीपर्यंत

आम्ही पहिल्यांदा मुलांना घेऊन फुकेतला गेलो तेव्हा मोठी चार वर्षांची होती आणि धाकटा दहा महिन्यांचा. दुसऱ्याच रात्री मोठीला ताप भरला. घरून नेलेली पॅरासिटामॉलची बाटली चेक-इन बॅगेत सांडून कपड्यांना लागली होती, म्हणून संध्याकाळीच जवळच्या औषधाच्या दुकानातून नवी बाटली आणून ठेवली होती. तिच्यावरची अक्षरं थाई. रात्री दोन वाजता, म्हणजे पुण्यात साडेबाराला, मी आमच्या मुलांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी उचलला आणि पहिला प्रश्न विचारला, "वजन किती आहे तिचं?" मला नेमकं सांगता येईना. मागच्या लसीच्या वेळचं वजन फाइलमध्ये लिहिलेलं होतं आणि फाइल पुण्यात कपाटात होती.

ताप दोन दिवसांत उतरला. तो प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. घरी कोणती बाटली कुठे आहे, कोणत्या खिडकीची कडी सैल आहे, रात्री कोणत्या दवाखान्यात डॉक्टर भेटतात, हे सगळं न आठवता हाताला कळतं. परक्या देशात नेमकं हेच हातातून सुटतं. त्यामुळे तयारी करायची ती या रोजच्या आधारांची. दुर्मीळ आजारांची भीती घेऊन बसण्यापेक्षा तिथे वेळ घालवलेला बरा. खाली दिलेला क्रम आम्ही तेव्हापासून पाळतो. उदाहरणं थायलंडची आहेत, कारण मुंबई-पुण्याकडची बरीच कुटुंबं मुलांना पहिल्यांदा परदेशी नेतात ती तिकडेच. दुबई, सिंगापूर, युरोप इथे जे वेगळं आहे ते त्या त्या ठिकाणी सांगते.

आठ आठवडे आधी: मुलांचे डॉक्टर

तिकीट काढलं की पहिली भेट यांची. आठ आठवडे म्हणण्याचं कारण साधं आहे. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर देता येते, पण पहिल्यांदाच घेणाऱ्या लहान मुलाला ती चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा द्यावी लागते आणि नंतर अंगात ताकद यायला दोन आठवडे जातात.

नेहमीचं लसीकरण पूर्ण आहे ना, हे आधी पाहा. गोवराची लस सगळ्यात महत्त्वाची, कारण गोवर विमानतळाच्या रांगेतसुद्धा लागतो. आपल्याकडे पहिला डोस नऊ महिन्यांना मिळतो. बाळ सहा ते आठ महिन्यांचं असेल तर प्रवासासाठी एक डोस लवकर द्यायचा का, हे डॉक्टरांना विचारा. असा लवकर दिलेला डोस हिशेबात धरत नाहीत, पुढचे ठरलेले डोस द्यावेच लागतात. टायफॉइडची लस सहा महिन्यांनंतर, हिपॅटायटिस ए ची एक वर्षानंतर. रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घ्यावी का, तेही विचारा. कारण पुढे माकडांच्या भागात येईलच.

केनिया-टांझानियाच्या सफारीला निघालेल्यांसाठी वेगळा नियम आहे. यलो फीव्हरची लस फक्त सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. ते नसेल तर केनियासारख्या देशातून परत येताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांना ही लस साधारणतः देत नाहीत. म्हणून तान्हं बाळ असेल तर मी ती सफारी पुढे ढकलेन.

त्याच भेटीत मुलांची वजनं करून घ्या, आणि निघायच्या आदल्या आठवड्यात पुन्हा एकदा करा.

कागदपत्रं

मुलाला स्वतःचा पासपोर्ट लागतो, तो पाच वर्षांचाच असतो आणि त्याची मुदत पालक विसरतात. बहुतेक ठिकाणी पोहोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक हवेत. थायलंडसाठी १ मे २०२५ पासून ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं. ते तान्ह्या बाळाचंही भरायचं आणि पैसे लागत नाहीत. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती खरी नाही असं समजा.

आईने माहेरचं आडनाव ठेवलं असेल तर मुलाचा जन्मदाखला सोबत ठेवा. महाराष्ट्रातले दाखले मराठी-इंग्रजी दोन्हीत असतात, त्यामुळे भाषांतर लागत नाही. आई किंवा बाबा यांपैकी एकच जण मुलांना नेत असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र घ्या.

विमा काढताना मुलाच्या वयाची अट वाचा. काही पॉलिसी सहा महिन्यांखालच्या बाळाला घेतच नाहीत. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण सक्तीचं आहे. थायलंडला सक्ती नाही म्हणून लोक सोडून देतात. मुलं बरोबर असताना मी ते कधीच करणार नाही, कारण तिथल्या खासगी रुग्णालयात दोन दिवस सलाइनवर राहिलं तरी बिल आपल्या अंदाजाबाहेर जातं.

औषधांची पिशवी

हा भाग सावकाश वाचा. पिशवी केबिन बॅगेत ठेवायची, चेक-इनमध्ये कधीच नाही. प्रत्येक बाटली वेगळ्या झिपच्या पिशवीत, मूळ लेबलसकट, आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठीवर कंपनीच्या नावापेक्षा औषधाचं मूळ नाव असावं, कारण आपल्याकडचं ब्रँडचं नाव परक्या देशात कुणी ओळखत नाही.

पॅरासिटामॉलचा मुलांचा डोस वजनावर ठरतो: दर किलोला साधारण १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये चार ते सहा तास आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. गोंधळ होतो तो बाटलीच्या ताकदीत. आपल्याकडेच ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असलेलं सिरप मिळतं आणि २५० मिलिग्रॅमचंही मिळतं. तान्ह्यांच्या थेंबांच्या बाटलीत तर एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं. अमेरिकेत ५ मिलिलिटरमध्ये १६० मिलिग्रॅम असतं आणि औषधाला ॲसिटामिनोफेन म्हणतात, त्यामुळे ते तेच औषध आहे हेही पटकन लक्षात येत नाही.

आता हिशेब करून पाहू. नऊ किलोच्या बाळाला १३५ मिलिग्रॅम लागतं. २५० च्या सिरपमधून ते २.७ मिलिलिटर होतं, १२० च्या सिरपमधून ५.६ आणि थेंबांच्या बाटलीतून १.३५. साडेपाच मिलिलिटरची सवय असलेल्या हाताने थेंबांच्या बाटलीतून तेवढंच दिलं तर बाळाच्या पोटात चौपट औषध जातं, आणि त्याचा मार यकृतावर बसतो. म्हणून डॉक्टरांकडून "अमुक मिलिग्रॅम" असं लिहून घ्या, "एक चमचा" असं नको. देताना जेवणाचा चमचा वापरू नका, बिनसुईची सिरिंज वापरा. दोन सिरिंज न्या, एक हरवते.

आयबुप्रोफेन घरी चालत असलं तरी थायलंड, बाली, सिंगापूर इथे तापावर स्वतःच्या मनाने देऊ नका. तिथे डेंग्यू असतो आणि डेंग्यूत या औषधाने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ॲस्पिरिन तर मुलांना नाहीच. सर्दी-खोकल्याची मिश्र सिरपं मी नेत नाही. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं आपल्याच औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये सांगितलेलं आहे. शिवाय कोडीन असलेलं सिरप दुबईत आणि स्यूडोएफेड्रिन असलेली काही औषधं जपानमध्ये नेली तर कायद्याची अडचण होते. नाकासाठी मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात.

बाकी पिशवीत हे हवं: ओआरएसची पाकिटं, झिंकच्या गोळ्या, थर्मामीटर, डॉक्टरांनी लिहून दिलेलं उलटीचं औषध, जखमेसाठी पट्ट्या आणि मलम, डायपर रॅशचं क्रीम, दम्याचं मूल असेल तर पंप आणि स्पेसर. अँटिबायोटिक डॉक्टरांनी स्वतःहून दिलं तरच न्यायचं. मोठ्यांचं जुलाब थांबवणारं लोपेरामाइड मुलांच्या हाताला लागू नये अशा जागी ठेवा.

आणि हा एक कागद, दोन प्रतींत, एक आईच्या आणि एक बाबांच्या पाकिटात, शिवाय फोनमध्ये फोटो:

- मुलाचं नाव, जन्मतारीख, रक्तगट, आजचं वजन
- पॅरासिटामॉलचा डोस मिलिग्रॅममध्ये
- ॲलर्जी आणि चालू औषधं
- झालेल्या लसी
- आपल्या डॉक्टरांचा नंबर, विमा कंपनीचा मदत क्रमांक आणि पॉलिसी नंबर
- हॉटेलचा पत्ता तिथल्या लिपीत, आणि जवळच्या बालरोग विभाग असलेल्या रुग्णालयाचं नाव
- तिथले आपत्कालीन क्रमांक: थायलंडमध्ये रुग्णवाहिका १६६९, पर्यटक पोलीस ११५५, सिंगापूर ९९५, यूएई ९९८, युरोपियन युनियन ११२, ब्रिटन ९९९, अमेरिका ९११

डब्यातलं काय घरी ठेवायचं

आजी डिंकाचे लाडू बांधून देते, त्यात खसखस असते. अनारशांवरही असते. खसखस यूएई आणि सिंगापूरमध्ये बंदी असलेली वस्तू आहे, तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. लाडवांच्या डब्यामुळे मुलांसकट विमानतळावर अडकायची वेळ येऊ नये. आजीला आधीच सांगा, ती खसखस न घालता लाडू करेल.

युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध-तुपाचे पदार्थ नेता येत नाहीत, पेढे-बर्फीसुद्धा. बाळाच्या दुधाची पावडर आणि बाळाचं खाणं मात्र दोन किलोपर्यंत चालतं. ऑस्ट्रेलियात खाण्याचं सगळं कार्डावर लिहून दाखवायचं, मग ते मेतकूट असो की नाचणीसत्त्व.

बाळगुटी आणि काजळ यांबद्दल मी आईशी बोलले तेव्हा तिला वाईट वाटलं होतं. तरी सांगते. गुटीतल्या वेखंडावर अमेरिकेत १९६८ पासून खाद्यपदार्थांत बंदी आहे आणि काही काजळांत शिसं सापडतं. मुलाच्या रक्तात शिसं जास्त निघालं तर तिथले डॉक्टर प्रश्न विचारतात, आणि ते विचारायलाच हवेत. दोन्ही घरी राहू द्या. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नको, इथेही नको.

विमानात

विमानातली हवा साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीइतकी विरळ असते, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही वर. निरोगी बाळाला त्याने काही होत नाही. मुदतीच्या आधी जन्मलेलं, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असलेलं बाळ असेल तर आधी डॉक्टरांची परवानगी घ्या. युरोपला जाणाऱ्यांनी हाच विचार स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राऊयोख या डोंगरावरच्या ठिकाणाबाबत करावा. ते ३,४५४ मीटरवर आहे, कळसूबाईच्या दुप्पट. तान्ह्या बाळाला बोलून त्रास सांगता येत नाही, म्हणून एकाने बाळाला घेऊन खाली थांबावं.

कान दुखतात ते मुख्यतः विमान उतरताना. चाकं टेकायच्या अर्धा तास आधी उतरण सुरू होते, तेव्हा बाळाला अंगावर पाजा किंवा बाटली द्या, मोठ्याला घोट घोट पाणी. झोपलेलं असेल तर हळूच उठवा. सर्दीने कान ठणकत असतील तर निघायच्या आधी दाखवून घ्या.

दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसतं. त्याचा पट्टा वेगळा मिळतो, तो आपल्या पट्ट्यात ओवायचा. एकच पट्टा दोघांवरून घेतला तर धक्का बसताच आपलं वजन बाळावर येतं. बाळ झोपावं म्हणून ॲलर्जीचं औषध पाजणं हा प्रकार खूप ऐकते. काही मुलं त्याने उलट चिडून जागी राहतात आणि काहींचा श्वास मंदावतो. करू नका.

केबिन बॅगेत बाळाचं दूध आणि पेज १०० मिलिलिटरपेक्षा जास्त चालते, तपासणीला वेगळी काढून दाखवा. डायपर लागतील त्याच्या दुप्पट घ्या, आणि आई-बाबांचाही एक एक कपडा.

खोलीत शिरल्यावर पहिली पंधरा मिनिटं

एकाने मुलांना दारात कडेवर धरायचं, दुसऱ्याने गुडघ्यांवर बसून खोली फिरायची. बाल्कनीचं दार कडीने बंद होतं का? कठड्याजवळ खुर्ची आहे का? ती आत ओढा, कारण चार वर्षांचं मूल खुर्चीवर चढतं हे आपल्याला माहीत असतं, खोली लावणाऱ्याला नसतं. किटली आणि तिची लोंबती वायर वर ठेवा. नळाचं गरम पाणी हाताने पाहा, काही हॉटेलांत ते भाजण्याइतकं तापलेलं असतं. पलंगाखाली आधीच्या पाहुण्यांची गोळी, नाणं, बटण सेल पडलेला असू शकतो. बटण सेल मुलाने गिळला असा नुसता संशय आला तरी थेट रुग्णालय गाठायचं, कारण तो दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो.

थायलंडसाठी खास एक गोष्ट. २०२२ मध्ये तिथे गांजा खुला झाला आणि त्याचे पदार्थ दुकानांत आले. २०२५ च्या जूनपासून त्यावर पुन्हा बंधनं आली, तरी दुकानांच्या पाट्या दिसतात. पानाचं चित्र असलेली गोळी, बिस्किट, ब्राउनी मुलांना घेऊ नका आणि कुणी खाऊ म्हणून दिलं तर स्वीकारू नका. मूल अचानक गुंगीत गेलं तर ही शंका डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

पाणी

मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. अमेरिकेत एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंचं पहिलं कारण बुडणं आहे. सुट्टीच्या जागी तर धोका आणखी वाढतो: पूल खोलीच्या दारात, पालक दमलेले, आणि सगळ्यांना वाटतं दुसरं कुणीतरी बघतंय.

बुडणारं मूल हाका मारत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, हात बाजूला खाली दाबलेले, पाय जवळजवळ स्थिर, आणि अर्ध्या-एक मिनिटात ते खाली जातं. कपाळावरचे केस सुद्धा मागे सारत नाही. म्हणून "आवाज आला तर धावू" हा भरवसा उपयोगाचा नाही.

आमच्याकडे पाळी असते. एक मोठा माणूस पंधरा मिनिटं फक्त मुलांकडे बघतो, फोन आत खोलीत. पंधरा मिनिटांनी दुसऱ्याला "आता तू" असं तोंडाने सांगून मगच उठायचं. जे पोहू शकत नाहीत त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर राहायचं. दंडावरच्या फुग्यांना सुरक्षेचं साधन समजू नका, ते निसटतात. पोहण्याचे कपडे भडक नारिंगी किंवा पोपटी घ्या. निळा आणि पांढरा रंग पाण्याखाली दिसत नाही. मूल दिसेनासं झालं तर आधी पूल बघा, मग बाकी सगळं.

पाण्यातून काढलेल्या मुलाला पाय धरून उलटं करणं, पोट दाबून पाणी काढणं हे आपल्याकडे अजून करतात. त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छातीवर दाब, आणि कुणालातरी १६६९ लावायला सांगायचं. निघायच्या आधी आई-बाबा दोघांनीही याचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण घ्या. वाचून हे हातात येत नाही.

समुद्राचं वेगळं. फुकेत-क्राबीचा अंदमान किनारा साधारण मे ते ऑक्टोबर खवळलेला असतो. लाल झेंडा दिसला की घोट्याएवढ्या पाण्यातही मुलांना सोडू नका, ओढ माणसाला आत नेते. को सामुई, को फांगान बाजूला बॉक्स जेलीफिश असतात, म्हणून काही किनाऱ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्यांचे खांब उभे केलेत. दंश झाला तर चोळायचं नाही, किमान तीस सेकंद व्हिनेगर ओतत राहायचं आणि मदत मागवायची. मुलांना लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घातला तर ऊन आणि दंश दोन्ही कमी लागतात.

बेटांच्या सहलीला पैसे भरण्याआधी विचारा: "चार वर्षांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का?" दाखवा म्हणा. मोठ्यांचं जॅकेट मुलाच्या डोक्यावरून वर निघून जातं. दहा महिन्यांच्या बाळाला बसेल असं जॅकेट आम्हाला कुठेच मिळालं नाही, म्हणून मी धाकट्याला घेऊन किनाऱ्यावर राहिले. स्पीडबोट लाटांवर ज्या रीतीने आपटते ते पाहिल्यावर त्याची हळहळ वाटली नाही.

उन्हाबद्दल थोडक्यात: सहा महिन्यांखाली सावलीच, त्यावर टोपरं आणि पातळ दुपटं, त्याहून मोठ्या मुलांना ३० किंवा जास्त एसपीएफचं क्रीम, दर दोन तासांनी पुन्हा.

रस्ता

थायलंडमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, म्हणून आपण गाफील होतो. रस्ते अपघातांत या देशाची स्थिती वाईट आहे. भाड्याची स्कूटर, पुढे मोठी, मध्ये बाळ, हे दृश्य तिथे पर्यटकांचंही दिसतं. घरी करत असाल तरी तिथे करू नका. आपल्याकडेही २०२२ च्या नियमाने चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर पट्टा आणि हेल्मेट लागतंच.

विमानतळावरून हॉटेलपर्यंतची गाडी कार सीटसकट आधी ठरवा. थायलंडने २०२२ मध्ये सहा वर्षांखालच्या मुलांसाठी नियम केला, यूएईत चार वर्षांपर्यंत सीट लागते, ब्रिटनमध्ये बारा वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर उंचीपर्यंत. अनेक देशांत टॅक्सीला सूट असते. ती सूट दंडापुरती आहे. सीट मिळालीच नाही तर मूल मागे, स्वतःच्या पट्ट्यात, पुढच्या सीटवर मांडीत कधीच नाही.

डास, कुत्री, माकडं

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळी जास्त. पूर्ण बाह्या, पंखा किंवा एसी, बाबागाडीवर जाळी. डीट (डासांना दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम दोन महिन्यांनंतर चालतं, ३० टक्क्यांपर्यंत. बाळाच्या हातांना लावू नका, ते तोंडात जातात. आधी सनस्क्रीन, त्यावर हे.

फुकेतच्या मंकी हिलवर, फी फीच्या मंकी बीचवर, बालीत उबुदच्या माकडवनात मुलांच्या हातात खाऊ देऊ नका. बाबागाडीला पिशवी टांगू नका. बालीत २००८ पासून रेबीज आहे आणि थायलंडमध्येही आहे. ओरखडा असो की जखमेवर चाटणं, लगेच साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवा. हळद, चुना, तिखट काही नाही. मग त्याच दिवशी रुग्णालय. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते आहे का असं विचारूनच रुग्णालय निवडा. स्नायूत द्यायच्या लसीचे दिवस ०, ३, ७, १४, २८ असतात, तर कातडीत द्यायच्या थाई रेड क्रॉस पद्धतीचे ०, ३, ७, २८. कोणती पद्धत, कोणती लस, हे कागदावर लिहून घ्या, कारण उरलेले डोस आपल्याकडे येऊन घ्यायचे असतात. मुलांना आधीच सांगून ठेवा की प्राण्याने काही केलं तर लगेच सांगायचं, रागावणार नाही. ओरड्याच्या भीतीने मुलं हेच लपवतात.

खाणं, पिणं आणि जुलाब

सिंगापूरमध्ये नळाचं पाणी पिता येतं, थायलंड आणि बालीत बाटलीचंच, दात घासायलासुद्धा. बर्फ गाडीवरचा नको. पावडरचं दूध करताना पाणी उकळून, किमान ७० अंश गरम असताना पावडर घाला, मग निववा.

मुलांना सगळ्यात बरा पडतो तो भात. थाई लोकांची भाताची पेज, जोक आणि खाओ तोम, आपल्या गुरगुट्या भाताच्या जवळची असते, पण जोकमध्ये बहुधा डुकराचं मांस असतं, विचारून घ्या. "माई फेट" म्हणजे तिखट नको. पूर्ण शाकाहारीसाठी "जे" हा शब्द, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात दिसतो. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ते थाई लिपीत लिहिलेलं कार्ड करून न्या, कारण तिथे दाण्याचा कूट बऱ्याच पदार्थांत असतो. आम्ही छोटा कुकर, मूगडाळ-तांदूळ आणि मेतकूट नेतो. अमेरिकेला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथली वीज १२० व्होल्टची असते, आपला कुकर तिथे नीट तापत नाही.

जुलाब लागले तर ओआरएस. पाकीट वाचा: मोठं एक लिटरसाठी, छोटं २०० मिलिलिटरसाठी. अर्धं पाकीट अंदाजाने टाकायचं नाही. दोन वर्षांखाली प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्यावरच्यांना १०० ते २००. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग दर मिनिट-दोन मिनिटांनी एकेक चमचा. अंगावरचं दूध चालूच ठेवा. झिंक सहा महिन्यांनंतर रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. खेळाडूंचं रंगीत पेय हे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हे नाव छापायलाच मनाई केली.

गर्दीत

चार वर्षांच्या मुलीला आईचं नाव विचारा. ती "आई" म्हणेल. निघायच्या आधी आई-बाबांची खरी नावं आणि एक फोन नंबर तिच्याकडून गाण्यासारखा पाठ करून घ्या. मनगटावर पट्टी, तीवर देशाच्या कोडसकट नंबर. रोज सकाळी बाहेर पडताना दोघांचा एक फोटो काढा, आज अंगात काय आहे ते त्यात दिसतं. हरवलीस तर जिथे आहेस तिथेच उभी राहा आणि काउंटरवरच्या ताईला किंवा लहान बाळ घेतलेल्या काकूंना सांग, असं आधीच खेळून दाखवा.

युरोपला जाणाऱ्यांसाठी एक. स्वीडनमध्ये १९७९ पासून, जर्मनीत २००० पासून मुलावर हात उगारणं कायद्याने मना आहे. चारचौघांत दिलेल्या चापटीवरूनही तिथे पोलीस येऊ शकतात.

दवाखान्यात कधी

तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप आला तर वाट न पाहता. कोणत्याही वयात: सहा ते आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, शीमधून रक्त पडतंय, श्वासाला फासळ्या आत ओढल्या जातायत, आकडी, उठवूनही मूल नीट जागं होत नाही. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच काही मुलं बिघडतात. पोटात सतत दुखणं, उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं यांपैकी काही दिसलं तर "ताप तर गेला" म्हणून थांबू नका. दाखल करण्याआधी किंवा लगेच विमा कंपनीला फोन करा, मूळ बिलं आणि तपासण्यांचे कागद जपून ठेवा.

परत आल्यावर

दोन आठवड्यांच्या आत ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की आम्ही थायलंडहून आलोय, अमुक तारखेला. आफ्रिकेहून आलेल्यांनी हे पुढचे कित्येक महिने सांगायचं, मलेरिया उशिरा डोकं वर काढतो. रेबीजचे उरलेले डोस असतील तर विमानतळावरून घरी पोहोचताच कॅलेंडरवर तारखा लिहा. आठवडाभराने सगळं सुरळीत वाटायला लागतं आणि अठ्ठाविसाव्या दिवसाचा डोस नेमका तेव्हाच राहून जातो.